एक महिना लेबनॉनात, दोन महिने घरी

रावसाहेबांनी चवळीचा दाणा दाढेखाली धरून तोडला, तुकडा तळहातावर घेऊन निरखला, अंमळ मोठा वाटला म्हणून पुन्हा तोडला आणि चार्टपेपरवर तीन अख्ख्या दाण्यांशेजारी ठेवला.

“हे झाले तुझे तीन हजार तीनशे मुकादम.”

“आजोबा, यू बिट इट!” जाई ओरडली. “आता हे मी ग्लूने चिकटवू?”

“चिकटव की. कोरडाय. चवळी बघून तोंडाला पाणी सुटायचं वय गेलं माझं.”

सिंगापुरात सिमेईच्या त्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलाचं राज्य झालं होतं. एक दाणा म्हणजे हजार माणसं. ऐंशी राजमे म्हणजे डोंगरात दगड फोडणारे, सत्तर हरभरे म्हणजे ओझी वाहणारे. तीस वाटाणे म्हणजे लेबनॉनात लाकूड तोडायला सक्तीने धाडलेले तीस हजार. ते दहा-दहाच्या तीन ढिगांत. या सगळ्यांच्या वर जॅमच्या बाटलीचं सोनेरी झाकण होतं, तो राजा शलमोन. तीन हजार वर्षांपूर्वी त्याने देऊळ आणि राजवाडा बांधायला काढला होता, आणि मिशनच्या मुलींच्या शाळेत सेकंडरी वनला, म्हणजे सातवीत, असलेल्या जाईला ते राज्य सोमवारी वर्गात उभं करायचं होतं. तिच्या बाई मिसेस लिमनी चिठ्ठ्या काढून भूमिका वाटल्या होत्या. राजाची चिठ्ठी हुई मिनला निघाली. जाईला निघाला अदोनीराम, मजुरांवरचा अधिकारी. कोण कधी जाणार आणि कोण कधी परत येणार, याची यादी ठेवणारा.

रावसाहेब दोन महिन्यांसाठी मुलाकडे आले होते. त्यांची नोकरी बांधकाम खात्यातली. तिची सुरुवात बहात्तरच्या दुष्काळात, श्रीगोंद्याकडच्या एका रस्त्याच्या कामावर हजेरीपट भरण्यापासून झाली होती. त्यामुळे दगड फोडणाऱ्या माणसांच्या बाबतीत या घरात शेवटचा शब्द त्यांचा होता. शेवटच्या शब्दाची संधी त्यांना अलीकडे कमी मिळे, म्हणून मिळाली की ते ती सोडत नसत.

“दीड लाखाला तीन हजार तीनशे,” ते म्हणाले. “म्हणजे पंचेचाळीस माणसांमागे एक मुकादम. वाईट नाही. आमच्याकडे पन्नासामागे एक होता आणि तोही दुपारी झोपायचा. बरं, पाणी कोण पाजायचं यांना?”

“मिसेस लिमच्या शीटवर नाहीये.”

“भाकऱ्या कोण भाजायचं? तान्ही पोरं कुठं ठेवायचे?”

“मे बी बायका असतील.”

“मग त्यांचे दाणे कुठायत?”

जाईने चार्टच्या कडेला पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढलं आणि त्याभोवती गोल केला. “आजोबा, यू आर मेकिंग इट मोअर डिफिकल्ट लाह.”

“मी नाही. दीड लाख माणसं बिनपाण्याची उभी केलीत, ती तुझ्या मिसेस लिमनी.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला प्रबोध लॅपटॉप उघडून बसला होता. त्याच्यापुढेही एक यादी होती. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात तो नऊ माणसांच्या टीमचा लीड होता. जुनी सिस्टीम बंद करून नवी चालू करायची होती आणि त्याच्या रंगीत तालमी सहा शनिवार-रविवार करायच्या, असं वरून ठरलं होतं. टीमला काम येणार एवढं माहीत होतं. किती आणि कुणावर, ते नव्हतं. यादी सोमवारी दहा वाजेपर्यंत द्यायची होती.

याद्या करण्यात प्रबोधचा हात कुणी धरला नसता. चार वर्षांत त्याने केलेल्या एकाही यादीवरून कुरबूर झाली नव्हती. त्याच्या फाइलमध्ये एक रकाना असा होता जो दुसऱ्या कुठल्या लीडच्या फाइलमध्ये सापडला नसता. त्या रकान्याचं नाव होतं ‘कारण’. फरीदाची हरी राया, म्हणजे ईद, सतरा जुलैला. मीनलच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दिलीपचे सासू-सासरे एक ऑगस्टला येणार. कुणाला कशातून वगळायचं, त्याबदल्यात कुणाला पुढे सूट द्यायची, हे तो शिंप्याने कापड बेतावं तसं बेतायचा. चिंधीसुद्धा उरत नसे.

आत्ता फक्त एक गाठ सुटत नव्हती. चौथा वीकेंड आठ-नऊ ऑगस्टचा होता. देशाला पन्नास वर्षं होत होती, ‘जुबिली’ होती, म्हणून सरकारने शुक्रवारची जादा सुट्टी दिली होती, सोमवारही सुट्टीचा, आणि सगळं सिंगापूर चार दिवस मोकळं होतं. तो वीकेंड तीनांपैकी कुठल्याच गटाला नको असणार. प्रबोधने कागदाचे तीन तुकडे करून घड्या घातल्या.

“जाई, एक उचल.”

जाईने डोळे मिटून उचलली, उघडली. “दिलीप अंकलचा ग्रुप.” मग तिचा चेहरा बदलला. “बाबा, ते लोक पुलाउ उबीन बेटावर चाललेत ना, सायकलिंगला? आजी-आजोबांना घेऊन. त्यांच्या काव्याने मला सांगितलं. दे आर सो एक्सायटेड.”

“चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी,” प्रबोध म्हणाला आणि ती घडी घालून खिशात ठेवली. दिलीपला दाखवायला.

ती त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिली. तीन गट, तीन रंग. निळा, पिवळा, हिरवा, पुन्हा निळा.

“बाबा, हे तर सेम आहे!”

“कशासारखं?”

“लेबनॉन! टेन थाउजंड लोक एक महिना लेबनॉनात, मग दोन महिने घरी. मग नेक्स्ट टेन थाउजंड. तुझं पण एक वीकेंड काम, दोन वीकेंड घरी. तू अदोनीरामला कॉपी केलंस.”

प्रबोध हसला. खरं म्हणजे त्याला बरंच वाटलं. तीन हजार वर्षांपूर्वीही कुणाला तरी हेच सुचलं होतं, म्हणजे गणित बरोबर होतं.

“यात तुझी पाळी कितवी?” रावसाहेबांनी विचारलं.

“मी लीड आहे अण्णा. मी सहाही वीकेंड फोनवर असणार.”

“म्हणजे तू चवळी.”

जाई इतकी हसली की ओझी वाहणारे चार-पाच हजार लोक टेबलावरून गडगडत खाली गेले. ती टेबलाखाली शिरली आणि तिथूनच म्हणाली, “आजोबा, फोर्स्ड लेबरला मराठीत काय म्हणायचं? मिसेस लिमना मदर टंगमध्ये पण एक वर्ड हवाय.”

“वेठ,” रावसाहेब म्हणाले. मीठ कुठं ठेवलंय ते सांगावं, तसे.

प्रबोधची बोटं कीबोर्डवर थांबली. मग त्याने उगाचच फाइल सेव्ह केली.

दार उघडून प्रणिता आत आली. शनिवारीही तिला पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये तासभर जाऊन पेशींना खाणं घालून यावं लागे. तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि टेबलाकडे पाहिलं.

“तो राजमा मी आज भिजत घालणार होते.”

“आता ते दगड फोडतायत,” रावसाहेब म्हणाले. “सोमवारपर्यंत सुटी नाही.”

“मग आज पिठलं,” प्रणिता म्हणाली आणि पातेलं काढलं.

जाई हरभरे मुठीत घेऊन वर आली. “आजोबा, तुम्हाला अदोनीरामचं एंडिंग माहितीय? सॉलोमन मरतो. त्याचा मुलगा किंग होतो. लोक म्हणतात, काम कमी करा. तो म्हणतो, नो, अजून वाढवणार. आणि मग लोकांना समजवायला तो कुणाला पाठवतो? मला! आणि लोक मला दगड मारून मारतात. येत्या मंडेला सगळा क्लास माझ्यावर पेपर बॉल्स फेकणार.”

“राजा काय करतो?”

“रथात बसून पळून जातो. हुई मिन मिसेस लिमची चाकांची खुर्ची वापरणार.”

“म्हणजे बापाच्या वेळचा माणूस पोराने वापरला.”

“आजोबांच्या वेळचा पण! किंग डेव्हिडकडे पण तोच होता. तीन किंग्ज, सेम जॉब.”

“बदली नाही, बढती नाही,” रावसाहेब म्हणाले. “आणि शेवटी हे. आमच्या खात्यातच असणार.”

प्रबोधचा फोन वाजला. संजीवचा होता. संजीव त्याचा बॉस. पुण्याचा, दहा वर्षांपासून इथे, ऑफिसात इंग्रजी बोलणारा आणि फोनवर मराठीत सैलावणारा. प्रबोधने उठून खिडकीशी जाऊन फोन घेतला, पण फ्लॅट काही इतका मोठा नव्हता.

“बोला संजीव.”

“अरे, यादी होतेय ना? फरीदाला पहिल्या वीकेंडला घालू नकोस हां.”

“नाही घातलं.”

“तू कसला घालतोयस म्हणा. जुबिलीला कोण?”

“दिलीपचा गट. चिठ्ठी काढली.”

“कुरकुरेल?”

“चिठ्ठी दाखवीन त्याला.”

संजीव मोठ्याने हसला. “यार, म्हणून जानेवारीच्या प्रमोशनच्या फाइलमध्ये तुझं नाव मी सगळ्यात वर ठेवलंय. व्हीपी हवा तर असा. माणसं तुझ्यावर चिडत नाहीत. हे शिकवून येत नाही कुणाला.”

प्रबोध परत येऊन बसला तेव्हा प्रणिताने पाठ न वळवता विचारलं, “जानेवारी?”

“नाव वर आहे म्हणतोय.”

पिठल्यात तिने खोबरं घातलं, एरवी पाहुणे आले तरच घालायची तसं.

जेवणं झाल्यावर रावसाहेबांना चहा लागे आणि तो खालच्या कॉफी शॉपमधलाच लागे. पाच आठवड्यांत त्यांनी तिथला एक मंत्र शिकून घेतला होता: ‘तेह सिउ दाय’, म्हणजे कमी गोड चहा. तो मंत्र ते स्वतः काउंटरवर जाऊन म्हणत. चिनी मावशी दर वेळी हसायची आणि दर वेळी गोडच चहा द्यायची.

दोघे पंख्याखालच्या टेबलाशी बसले. रावसाहेबांनी चहा ढवळला.

“शनिवार-रविवारच का लागतो रे?”

“सिस्टीम तेव्हा रिकामी असते.”

“आणि सहाच का?”

“संजीवने सांगितलंय.”

“बरं,” रावसाहेब म्हणाले. “आपल्या वाडीत बारा घरं होती. दरसाल चार घरं गावकीच्या कामावर, आठ मोकळी. तिसऱ्या वर्षी पाळी.”

“माहितीय अण्णा. चावडीची राखण, तालुक्याला टपाल, साहेबाच्या घोड्यापुढं पळणं. मेलेलं जनावर.”

“काम माहितीय तुला. पाळी कोण लावायचं, ते माहितीय?”

प्रबोधला माहीत नव्हतं. त्याला त्याच्या आजोबांची एकच गोष्ट माहीत होती, जी घरात सगळ्यांनाच माहीत होती. धर्मांतरानंतरच्या साली आजोबांनी येसकराची, गावच्या राखणदाराची, काठी चावडीच्या भिंतीला टेकवून ठेवली, मागे फिरले आणि ती परत उचलली नाही. ही गोष्ट रावसाहेबांनी त्याला सांगितली होती, त्याने जाईला सांगितली होती. जाईने प्रायमरीत असताना तिचं चित्रही काढलं होतं.

“तुझा आजा लावायचा,” रावसाहेब म्हणाले. “काठी टेकवली त्याच्या आधीची वीस वर्षं. लिहिता येत नव्हतं. दाराच्या चौकटीवर खिळ्यानं रेघा. कुणाच्या घरी बाळंतपण असलं की त्याची पाळी पुढं ढकलायची, त्याच्या जागी जाईल त्याला पुढच्या साली सूट. कुणाचा बाप आजारी, कुणाचं लग्न, सगळं तोंडपाठ. वीस वर्षांत तंटा म्हणून नाही. पाटील म्हणायचा, याच्या पाळीत बोट ठेवायला जागा नाही. वाडीतले पण तेच म्हणायचे.”

“हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही.”

“सांगण्यासारखं काय त्यात? काठीची गोष्ट बरी वाटते सांगायला.”

“पण न्यायीच होते की ते.”

“होतेच. खोटच नव्हती त्याच्या पाळीत.” रावसाहेबांनी चहाचा घोट घेतला आणि गोडीने तोंड वाकडं केलं. “खोट असती तर कुणीतरी भांडलं असतं. पाळीवरून भांडता भांडता गडी कामापर्यंत आला असता. म्हणाला असता, हे करायचंच कशाला? पण पाळी नीट लागली ना, की माणूस आपला नंबर कितवा तेवढंच बघतो. नंबर बरोबर निघाला की उठून कामाला जातो.”

प्रबोध चमचा बशीत इकडून तिकडे सरकवत राहिला.

“तुम्ही हे मला उद्देशून म्हणताय.”

“मी? मी स्वतः मस्टर भरलंय बाबा. अंगठे घेतलेत बायांचे. मी कुणाला काय म्हणणार?” त्यांनी कप पुढे सरकवला. “बघ ना जरा, ही बाई ऐकतच नाही. तू सांग तिला कमी गोड.”

“तुम्हीच सांगा. तुमचा चहा आहे.”

रावसाहेब उठून काउंटरकडे गेले.

रविवारी जाईने चार्ट पूर्ण केला. प्रश्नचिन्हाच्या जागी तिने मूठभर साबुदाणा चिकटवला होता, न मोजता. किती, असं प्रणिताने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “शीटवर नाही, सो कुणालाच माहीत नाही. बट आहेत.” खाली तिने लिहिलं, ‘पाणी देणाऱ्या’.

प्रबोधने फाइल उघडून यादीत खोट शोधली. हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा केलं. एरवी लोक खोट काढतील म्हणून तो आधीच बुजवून ठेवायचा. गट फिरवून पाहिले, कारणांचा रकाना वरून खाली वाचला. खोट नव्हती. मग त्याने दोन महिन्यांच्या मेल काढल्या. लंडनच्या लोकांनी लिहिलेल्या, संजीवने पुढे धाडलेल्या, त्याने स्वतः ‘नोटेड, थँक्स’ म्हणून उत्तर दिलेल्या. तारखा होत्या, सर्व्हरची नावं होती, कुणाच्या तरी सुट्टीचा निरोप होता. सहा हा आकडा कुठे नव्हता. त्या तालमी बुधवारी का होऊ शकत नाहीत, तेही नव्हतं. आणि हे ज्याने आजवर विचारायला हवं होतं, असं एकच नाव सापडलं. ते ‘नोटेड, थँक्स’च्या खाली होतं, त्याचं स्वतःचं.

“काय शोधतोयस?” प्रणिताने विचारलं.

“काम. हे सहा वीकेंड करायचेच कशाला, ते.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. “जानेवारीचं नाव वर राहील ना त्यानं?”

“माहीत नाही.”

ती सोफ्याच्या हातावर टेकली. फ्लॅटचं भाडं, जाईची शाळा, त्याचा एम्प्लॉयमेंट पास, तिचा दोन वर्षांचा प्रोजेक्ट. यातलं काहीही तिने उच्चारलं नाही. दोघांनाही ते क्रमाने पाठ होतं. ती म्हणाली, “विचारून तर बघ. विचारणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे.”

सोमवारी दहाला पाच मिनिटं असताना प्रबोध संजीवच्या काचेच्या खोलीत गेला. यादीची एक प्रत त्याने छापून आणली होती.

“ये. पाठवायची ना सरळ,” संजीव म्हणाला आणि कागदावरून नजर फिरवली. “वा. काय सुंदर बसवलंयस. साडीची किनार वाटते.”

“संजीव, सहा कुठून आले?”

“म्हणजे?”

“मी काल सगळ्या मेल वाचल्या. लंडनने सहा कुठे लिहिलेलं नाही.”

“मेलवर नव्हतं ते. कॉलवर झालं.” संजीव खुर्चीत मागे रेलला. त्याला काही लपवायचं नव्हतं. लपवण्यासारखं आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. “त्यांनी विचारलं, तुमच्याकडे वीकेंडला तालीम करणं शक्य आहे का? मी म्हटलं, आहे. म्हणाले, किती? मी म्हटलं, सहा घेऊ. सेफ.”

“त्यांनी मागितले नव्हते.”

“मागायला कशाला हवं? चांगलं दिसतं ना आपलं. दोन पुरतील खरं तर. बाकीचं आठवड्यात पण होईल, जरा ओढाताण करून.” तो हसला. “अरे, मला माहीत होतं तू लावशील. दुसरा कुणी लीड असता तर बोलायच्या आधी मी दोनदा विचार केला असता. तू आहेस म्हणून दोन सेकंदांत हो म्हटलं.”

हे त्याने कौतुकाने म्हटलं, आणि ते कौतुकच होतं. प्रबोधने ते ऐकून घेतलं. काचेबाहेर नऊ डोकी दिसत होती. दिलीप कानाला हेडफोन लावून काहीतरी खात होता. फरीदा उभी राहून मीनलशी बोलत होती.

“यादी तयार आहे,” प्रबोध म्हणाला. “पण ती मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.”

“मी? का रे?”

“आकडा तुमचा आहे.”

“चिडलायस का?”

“नाही.”

संजीवने त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला. तो नव्हता, म्हणून त्याला जरा जास्तच अवघड झालं. “अरे, तू सांगितलंस की ते ऐकतात. मी सांगितलं तर उगाच इश्यू होईल.”

“होईल कदाचित.”

“जानेवारी लक्षात आहे ना तुझ्या?” संजीव म्हणाला. ही अर्धी थट्टा होती. उरलेलं अर्धं दोघांच्या मधल्या टेबलावर तसंच पडून राहिलं.

“आहे,” प्रबोध म्हणाला.

तो बाहेर आला, आपल्या जागेवर गेला, मग काही विचार करून आपली खुर्ची ओढत टीमच्या टेबलांपाशी नेली आणि मीनलच्या शेजारी बसला.

“काय झालं?” मीनलने हळूच विचारलं.

“संजीव येतोय बोलायला.”

“संजीव? इकडे?” ती सरळ बसली. बातमी न बोलता नऊ टेबलांवर पोचली. दिलीपने हेडफोन काढला आणि खाण्याचा डबा खणात सरकवला.

संजीव कागद घेऊन आला. दिलीपने उठून त्याला खुर्ची दिली, पण तो बसला नाही. त्याने इंग्रजीत सुरुवात केली. आधी सगळ्यांच्या मेहनतीबद्दल दोन वाक्यं, मग नव्या सिस्टीमचं महत्त्व, मग सहा वीकेंड, तीन गट. कागद बघून तो नावं वाचू लागला. पहिला गट, दुसरा गट. एवढं सोपं होतं. नावं वाचायची आणि पुढे जायचं. आठ-नऊ ऑगस्ट वाचल्यावर त्याने ‘दिलीप’ म्हटलं आणि वर पाहिलं, कारण दिलीप त्याच्या अगदी समोर उभा होता, खुर्ची देऊन रिकामा झालेला. दिलीपने फक्त मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली की आणखी कशासाठी ते संजीवला कळलं नाही. तो पुढची ओळ विसरला. कागदावर बोट ठेवून त्याने ती शोधली.

वाचून झालं. कागदाची घडी घालत तो म्हणाला की कुणाला काही शंका असतील तर प्रबोधशी बोला.

फरीदाने हात वर केला. यादीत तिला काहीच अडचण नव्हती. हरी रायाचा वीकेंड तिला मोकळा होता, जुबिलीचाही. तिने हात शाळेतल्यासारखा नीट वर धरला होता आणि ती प्रबोधकडे बघत नव्हती.

“सॉरी, संजीव,” ती म्हणाली. “व्हाय वीकेंड्स?”

संजीवने सवयीने प्रबोधकडे पाहिलं. प्रबोध खुर्चीत किंचित पुढे सरकून, बाकीच्यांसारखाच, त्याच्याकडे बघत होता.